आधी तापमान मोजा, मग इनटेक बदला

बॉनेट उघडल्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप आणि त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर दिसला, की मी मालकाला एकच गोष्ट विचारतो: हा हवा कुठून ओढतो? बहुतेक वेळा उत्तर येतं, "समोरून." मग मी नुसतं बोट दाखवतो. फिल्टरच्या एका बाजूला रेडिएटरचा पंखा, दुसऱ्या बाजूला इंजिनचं हेड, आणि मधे आडोशाला एक पत्रासुद्धा नाही. समोरून शिरलेली हवा रेडिएटरच्या जाळीतून तापून मागे येते आणि हा फिल्टर तीच ओढतो. खोक्यावर 'कोल्ड एअर' छापलेलं असतं, एवढंच.

मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. इनटेक, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणारा फिल्टर-पाइपचा संच, विकत नाही, आणि बसवायला आलेल्याला परतही पाठवत नाही. फक्त आधी आकडे बघतो, कारण या बाबतीत कान फार फसवतात. उघडा फिल्टर लावला की ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन घुमतं आणि गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. कंपनीच्या डक्टला जे बंद डबे जोडलेले असतात, ज्यांना रेझोनेटर म्हणतात, ते हा आवाज गिळण्यासाठीच ठेवलेले असतात. ते काढले की आवाज वाढणारच. ताकद वाढली का, हे वेगळं तपासावं लागतं. ती तपासणी घरच्या घरी कशी करायची आणि उष्णता खरोखर आड येत असेल तर कोणत्या क्रमाने हात घालायचा, ते पुढे सांगतो.

गरम हवेने काय बिघडतं

समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२० किलो असतं. ४० अंशांना ते १.१३ होतं, ६० अंशांना १.०६ आणि ८० अंशांना जेमतेम १ किलो. सिलिंडरची जागा तेवढीच राहते. हवा विरळ आली की त्या जागेत ऑक्सिजन कमी मावतो, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, त्या प्रमाणात पेट्रोलही कमी सोडतो, आणि पिस्टनला बसणारा रेटा कमी होतो. तुमच्या गाडीचा हिशेब करायचा असेल तर सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा आणि भागाकार करा. ३० अंशांचे ३०३ होतात, ६० अंशांचे ३३३. ३०३ भागिले ३३३ म्हणजे ०.९१. हवा नऊ टक्के विरळ झाली.

जाहिरात इथेच थांबते आणि नऊ टक्के ताकद गेली असं सांगून मोकळी होते. प्रत्यक्षात तेवढी जात नाही. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आलेले आकडे हवामानाप्रमाणे दुरुस्त करण्यासाठी एसएई जे१३४९ नावाचं मानक वापरतात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी त्यात तापमानाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेतलेलं आहे. कारण असं, की थंड हवा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) आणि व्हॉल्व्हवरून जाताना भरपूर तापते, आणि जी आधीच तापून आली आहे ती त्या मानाने कमी. म्हणजे फाटकाशी दिसणारा फरक सिलिंडरमध्ये पोहोचेपर्यंत बराचसा पुसला जातो. त्या सूत्राने ३० वरून ६० अंशांवर गेल्यास नुकसान साधारण पाच टक्क्यांचं निघतं. १०० एचपीच्या इंजिनात पाच एचपी. ओव्हरटेक करताना जाणवेल इतकं आहे, पण गाडी वेगळीच वाटेल इतकं नाही.

मला त्याहून जास्त काळजी इग्निशन टायमिंगची, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते याची, वाटते. आत येणारी हवा जितकी गरम, तितकं दाबल्यानंतरचं मिश्रण गरम, आणि शेवटचा न जळलेला भाग आपोआप पेटून नॉक होण्याची शक्यता जास्त. ईसीयूला हे माहीत असतं. इनटेकचं तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की नॉक सेन्सरने काही ऐकण्याची वाट न बघता तो टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. त्यामुळे विरळ हवेचा तोटा आणि मागे घेतलेल्या टायमिंगचा तोटा एकावर एक बसतात. जास्त कॉम्प्रेशनच्या आणि टर्बो इंजिनांत हे ठळक दिसतं. "ट्रॅफिकमधून बाहेर पडल्यावर गाडी उचलत नाही" ही तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा निम्म्या गोष्टी याच्याशी निगडित असतात. उरलेल्या निम्म्या एसी चालू असल्याने आणि मालकाच्या अधीरपणाने होतात.

आता एक गोष्ट, जी ऐकून काही जण नाराज होतात. वरचं सगळं पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, लागू आहे. ताशी ६० किलोमीटरने सपाट रस्त्यावर जाताना थ्रॉटलची झडप मुळातच हवा अडवून बसलेली असते. हवा थोडी गरम आली तर तुमचा पाय नकळत किंचित जास्त दाबतो आणि संपलं. त्यामुळे मायलेजसाठी कोल्ड एअर इनटेक लावण्यात अर्थ नाही. अर्ध्या थ्रॉटलला गरम हवेमुळे झडप जास्त उघडावी लागते आणि हवा ओढण्यात वाया जाणारी मेहनत उलट थोडी कमी होते. कार्बुरेटरच्या जमान्यात तर बऱ्याच गाड्यांच्या फिल्टरच्या नळीत एक झडप असे आणि थंडीत ती मुद्दाम एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळची (धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळ्यांजवळची) ऊबदार हवा घेत असे, म्हणजे पेट्रोलची वाफ नीट होईल आणि कार्बुरेटरमध्ये बर्फ धरणार नाही. तुंबलेल्या फिल्टरचंही तसंच. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर हे तपासलं. फिल्टर तुंबवल्यावर गाडीचा पिकअप घटला, मायलेजमध्ये मात्र लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा ज्यांना फक्त मायलेज हवं आहे त्यांनी टायरमधली हवा तपासावी. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

उष्णता येते कुठून

सगळ्यांत मोठा वाटा फिल्टरला मिळणाऱ्या हवेचा. कूलंट साधारण ९० ते १०५ अंशांवर फिरत असतं, रेडिएटरमधून बाहेर पडणारी हवा त्याने चांगलीच तापलेली असते, आणि गाडी उभी असली की ती बॉनेटखालीच घुटमळते. अशा वेळी तिथली हवा ६० अंशांच्या वर जाणं अगदी नेहमीचं आहे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असतो, तो आपली भर घालतो. उघडा फिल्टर या हवेत बसवला की पुढचे सगळे उपाय फिके पडतात.

दुसरा वाटा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा. जोरात चालवल्यावर त्याचा पृष्ठभाग कित्येक शे अंशांवर जातो आणि समोर जे दिसेल त्यावर उष्णता फेकतो. ही उष्णता किरणांच्या रूपात येते, हवा तापवत बसत नाही. म्हणून मधे एक पत्रा आला तरी मोठा फरक पडतो.

तिसरा मार्ग म्हणजे मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडी. हेडला घट्ट बोल्ट केलेला ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड हेडइतकाच तापतो. ग्लास फायबर घातलेल्या नायलॉनचे मॅनिफोल्ड आता सर्रास असतात आणि ते उष्णता फार कमी वाहून नेतात. पुष्कळ थ्रॉटल बॉडीतून कूलंटची बारीक नळीही फिरवलेली असते, कारण दमट थंडीत झडपेवर बर्फ धरू शकतो.

आणि चौथा, ज्यावर सगळ्यांत जास्त वाद होतात आणि ज्याचं महत्त्व मला सगळ्यांत कमी वाटतं: पाइपची भिंत. ॲल्युमिनियम वाईट, प्लास्टिक चांगलं, सिलिकॉन त्याहून चांगलं, असं तावातावाने सांगणारे खूप भेटतात. आपण हिशेबच करू. दोन लिटरचं इंजिन, ३,००० आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांना आपल्या आकाराएवढी हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला ३,००० लिटर, सेकंदाला ५०. पाइपचा आतला व्यास ७० मिमी धरला तर हवेचा वेग सेकंदाला १३ मीटर येतो. ७० सेंटिमीटरचा पाइप ती सेकंदाच्या अठराव्या भागात पार करते. तेवढ्यात भिंतीकडून ती उष्णता घेणार ती किती? ७० अंशांच्या बॉनेटमध्येसुद्धा माझ्या ढोबळ गणिताने एखाद-दुसरा अंश. इंजिन ६,००० आरपीएमला गेलं की त्याहूनही कमी.

आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, चित्र उलटं होतं. थ्रॉटल जवळजवळ बंद, सेकंदाला जेमतेम चार-पाच लिटर हवा, ती पाइपात अर्ध्या सेकंदाहून जास्त रेंगाळते आणि चांगलीच तापते. म्हणजे पाइप कशाचा आहे याने फरक पडतो, पण ताकदीची गरज नसताना. सिग्नल सुटल्यावर पहिले काही सेकंद तो फरक सोबत येतो आणि मग वाहून जातो. गंमत म्हणजे चकचकीत ॲल्युमिनियम किरणांची बरीचशी उष्णता परत फेकतं, काळं प्लास्टिक ती शोषतं पण आत जाऊ देत नाही. दोघांचं आपापल्या जागी बरं चाललेलं असतं. ॲल्युमिनियमच्या पाइपला हौसेने मॅट काळा रंग देणारे मात्र दोन्हीकडचं वाईट ते निवडतात.

मोजायचं कसं

डॅशबोर्डखाली असलेल्या ओबीडी (गाडीच्या निदानाच्या) सॉकेटमध्ये बसणारा साधा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइलवर लाइव्ह डेटा दाखवणारं कोणतंही ॲप पुरतं. सोबत लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर, शक्यतो के टाइप थर्मोकपलचा, मिळाला तर उत्तम. ॲपमध्ये पाच गोष्टी पडद्यावर घ्या: इनटेक एअर टेंपरेचर, कूलंट टेंपरेचर, आरपीएम, थ्रॉटल पोझिशन आणि टायमिंग ॲडव्हान्स. लॉग साठवायची सोय असेल तर ती चालू ठेवा. चालवताना मोबाइलकडे बघायचं काम शेजारी बसलेल्याचं. तुमचं लक्ष रस्त्यावर.

इनटेकचा नुसता आकडा निरुपयोगी असतो. कोणी मला "माझं ५२ दाखवतं" असं सांगतो तेव्हा मी बाहेरचं तापमान विचारतो, कारण बाहेर ४३ असताना ५२ फार छान आणि बाहेर १८ असताना ५२ म्हणजे गडबड. नेहमी फरक लिहायचा: इनटेक वजा बाहेरचं. गाडी बाहेरचं तापमान ओबीडीवर देत असेल तर ठीक, नाहीतर थर्मोकपलचं टोक पुढच्या बंपरच्या जाळीत, कंडेन्सरच्या पुढे आणि सावलीत बांधा.

पहिली नोंद सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करून घ्या. कूलंट, इनटेक आणि बाहेरचं तापमान दोन-तीन अंशांच्या आत जुळायला हवं. इनटेकचा सेन्सरच दहा अंश जास्त दाखवत असेल तर आधी तो किंवा त्याचं वायरिंग बघा. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा थर्मिस्टर असतो. कनेक्टरमध्ये गंज किंवा सैल पिन असली की रोध वाढतो आणि तो खोटा थंड आकडा दाखवतो. ही सकाळची नोंद लोक सर्रास टाळतात आणि नंतर चुकीच्या सेन्सरवर विश्वास ठेवून पत्रे कापत बसतात.

मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पंधरा मिनिटं आयडलला उभं ठेवा, मोकळ्या जागेत. त्यानंतर गर्दीतल्यासारखं ताशी ३० पर्यंत चालवा. त्यानंतर ताशी ८० च्या आसपास दहा मिनिटं एकसारखं. शेवटी इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा इग्निशन ऑन करून आकडा बघा. ही शेवटची नोंद सगळ्यांना चकित करते. इंजिन बंद झालं की वॉटर पंप थांबतो, समोरची हवा थांबते, पण लोखंडात साठलेली उष्णता तशीच असते. ती सगळी बॉनेटखाली पसरते आणि तापमान बंद केल्यानंतर वाढत जातं. पेट्रोल पंपावर थांबून निघाल्यावर गाडी काही वेळ सुस्त वाटते ती यामुळे. तिथून बाहेर पडल्यावर आकडा खाली यायला किती वेळ लागतो तेही लिहून ठेवा.

आकडे आल्यावर मी असा विचार करतो. ताशी ८० ला फरक पाच ते दहा अंश असेल तर इनटेक चांगला आहे, काही खर्च करू नका. पंधराच्या पुढे असेल तर गरम हवा कुठूनतरी शिरते आहे, ती शोधण्यासारखी आहे. वीसच्या वर असेल तर फिल्टर बॉनेटखालचीच हवा पितो आहे असं समजा. आयडलला फरक पंचवीस-तीस झाला तरी घाबरू नका. निघाल्यावर एक-दोन मिनिटांत तो उतरत असेल तर ते स्वाभाविक आहे. उतरतच नसेल तर काम निघालं.

सेन्सर कुठे बसवलाय हे बघितल्याशिवाय मात्र दोन गाड्यांची तुलना करू नका. काही गाड्यांत तो एअर फ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) आतच असतो, म्हणजे फिल्टर बॉक्सच्या लगेच नंतर. त्याला पुढच्या पाइपात आणि मॅनिफोल्डमध्ये वाढलेली उष्णता दिसतच नाही. काहींत तो मॅनिफोल्डमध्ये असतो, आणि मॅनिफोल्ड धातूचा असेल तर सेन्सर हवेबरोबर धातूचंही तापमान दाखवतो. इंजिन बंद करून चालू केल्यावरचे ६५-७० अंश हे बऱ्याचदा तापलेल्या सेन्सरचे असतात. पण ईसीयूला तो फरक कळत नाही, तो टायमिंग मागे घेतोच. खातरजमा करायची तर थर्मोकपलचं टोक फिल्टर बॉक्समध्ये फिल्टरच्या आधीच्या भागात टांगा. फिल्टरच्या पुढे, स्वच्छ बाजूला, काहीही तात्पुरतं चिकटवू नका. टेप सुटली तर ती थेट इंजिनात जाते.

एक सावधगिरी. या सेन्सरला रोध जोडून "पॉवर चिप" म्हणून विकतात. ती ईसीयूला हवा थंड असल्याचं खोटं सांगते. मग तो टायमिंग पुढे नेतो, हवा प्रत्यक्षात गरमच असते, आणि नॉक ऐकायची वेळ येते. असली वस्तू गाडीला लावलेली दिसली तर बाकी काही करण्याआधी मी ती काढून टाकतो.

हात कुठे आणि कोणत्या क्रमाने घालायचा

कामाला लागण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, आणि बोटं तिथेच असतात.

सुरुवात नेहमी कंपनीच्या मूळ इनटेकपासून. आजच्या बहुतेक गाड्यांचा फिल्टर बॉक्स आधीच थंड हवा घेतो: हेडलाइटच्या मागून, जाळीच्या वरच्या कडेवरून किंवा फेंडरच्या आतून. पण कित्येकदा तिथपर्यंत जाणारी प्लास्टिकची सोंड पुढच्या अपघाती दुरुस्तीनंतर बसवायचीच राहून गेलेली असते, किंवा तिची क्लिप तुटून ती बॉक्सपासून इंचभर सरकलेली असते. बॉक्सचं झाकण एका कोपऱ्यात उचललेलं असतं. फेंडरचं आतलं अस्तर गायब असतं. एका मालकाने पाइपला, बॉक्सला, दिसेल त्याला उष्णता परतवणारी सोनेरी टेप गुंडाळून आणली होती आणि आकडा हलत नव्हता. सोंड पंख्याच्या मागे उघडी पडली होती. ती जागेवर बसवली आणि चालत्या गाडीतला फरक इतर गाड्यांसारखा झाला. टेप अजून आहे, शोभेला.

शंकू फिल्टर लावायचाच असेल तर त्याला खोली हवी. चारही बाजूंनी आडोसा, वर बॉनेटला टेकणारी रबर पट्टी, आणि बाहेरची हवा येण्यासाठी एक सरळ वाट. पट्टी खरंच टेकते का हे बघायला तिच्या कडेला खडू घासा, बॉनेट बंद करून उघडा. आतल्या बाजूला अखंड रेघ उमटली पाहिजे. जिथे रेघ तुटते तिथून गरम हवा शिरते. हवेच्या वाटेचं क्षेत्रफळ पाइपपेक्षा कमी ठेवू नका. ७० मिमीच्या पाइपचं साडेअडतीस चौरस सेंटिमीटर भरतं, वाट त्याच्या दीडपट असली तर निश्चिंत. बारीक भोकाची सुंदर पेटी करून आत फिल्टर कोंडला तर इंजिनाला श्वास पुरत नाही, आणि तेवढ्यासाठी उघडा फिल्टर लावलाच कशाला?

पत्र्याचा आडोसा एक्झॉस्टच्या बाजूला असेल तर तो एकेरी ठेवू नका. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा काही मिनिटांत स्वतःच तापतो आणि दुसऱ्या बाजूने उष्णता फेकू लागतो. दोन पत्रे, मधे साधारण एक सेंटिमीटर हवेची फट, हा सगळ्यांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय. कडा रबराने मढवा. बॅटरीच्या टर्मिनलपासून आणि वायरिंगपासून लांब ठेवा, कारण इंजिन हलतं आणि पत्रा वायर कापत जातो. शॉर्ट झालेलं वायरिंग शोधायला माणूस माझ्याकडेच येतो, पण त्यात मला आनंद नाही.

हवेचं तोंड पुढे, उंच आणि रेडिएटर-कंडेन्सरच्या रांगेबाहेर असावं. पुढे तोंड ठेवल्याने हवा 'घुसते' आणि दाब वाढतो असं सांगतात. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा जास्तीचा दाब अर्ध्या किलोपास्कलच्याही आतला असतो, आणि वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल आहे. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. पुढचं तोंड थंड हवेसाठी निवडा, दाबासाठी नको. तोंड बंपरच्या तळाशी नेलं तर हवा मिळेल छान थंड, पण पाणी साचलेल्या रस्त्यावर इंजिन तेच पाणी ओढेल. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. दोन-चार अंशांसाठी हा जुगार मी कोणाच्या गाडीत खेळत नाही.

एक्झॉस्टच्या बाजूला आधी मॅनिफोल्डवरचं मूळ हीट शील्ड आहे का ते पाहा. बोल्ट गंजून खडखडायला लागलं की ते काढून फेकून देण्याची पद्धत आहे. तो एक पत्रा परत बसवणं बाजारातल्या बऱ्याच महागड्या वस्तूंपेक्षा उपयोगी पडतं. कापडी रॅप गुंडाळल्याने उष्णता आत राहते हे खरं, पण तो ओलावा धरतो, साधं लोखंड गंजतं, जुन्या मॅनिफोल्डला तडे जातात, आणि वर तेल गळत असेल तर आग लागण्याची भीती. मी पत्र्याच्या बाजूचा माणूस आहे. सोनेरी परावर्तक टेप लावायची हौस असेल तर पाइपच्या एक्झॉस्टकडे तोंड असलेल्या बाजूला लावा. तिचा उपयोग किरणांपुरता. गरम हवेत बुडालेल्या पाइपला ती काही करत नाही.

मॅनिफोल्ड धातूचा असेल तर हेड आणि मॅनिफोल्डच्या मधे बसणारा फिनॉलिकचा जाड गॅस्केट उष्णता चांगली अडवतो. पण बोल्टची लांबी आणि बॉनेटशी अंतर तपासूनच. नायलॉनच्या मॅनिफोल्डला त्याची गरज नाही. थ्रॉटल बॉडीची कूलंट नळी बायपास करण्याच्या फंदात दमट थंड हवामानात पडू नका. पूर्ण थ्रॉटलला हवा तिथून इतक्या वेगाने जाते की तिला ती नळी फारशी तापवू शकत नाही.

नवा पाइप घेताना एअर फ्लो सेन्सर जिथे बसतो तिथला आतला व्यास मूळ पाइपइतकाच आहे का, हे कॅलिपरने मोजा. व्यास वाढला की सेन्सरला हवा हळू जाताना दिसते, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो, फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात केलेली दुरुस्ती) वर चढतात आणि पी०१७१ हा पेट्रोल कमी पडत असल्याचा कोड येतो. पी०११३ आला तर तापमान सेन्सरचा सॉकेट लावायचा राहिला आहे, किंवा नव्या पाइपात त्याला जागाच ठेवलेली नाही. तेल लावून वापरायचा एअर फिल्टर असेल तर धुतल्यानंतर तेल बेताने लावा आणि मुरू द्या. जादा तेल सेन्सरच्या गरम तारेवर बसतं.

टर्बो गाडीवाल्यांसाठी थोडं वेगळं. २७ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२० अंशांवर बाहेर पडते. आत एक अंश वाढला की बाहेर साधारण सव्वा ते दीड अंश वाढतो, आणि मग त्यातलं बरंचसं इंटरकूलर, म्हणजे टर्बोनंतरची हवा थंड करणारी जाळी, काढून घेतो. त्यामुळे तुमच्याकडे फिल्टरआधी इंटरकूलर बघा. जाळीत चिखल, पानं, वाकलेल्या फिन, आणि बंपर ते इंटरकूलर यांच्यामधली स्पंजची पट्टी सुटलेली. पट्टी सुटली की समोरची हवा इंटरकूलरच्या कडेने निसटते. बऱ्याच टर्बो गाड्यांत इंटरकूलरनंतर दुसरा तापमान सेन्सर असतो. लॉगमध्ये तो घ्या, खरी गोष्ट तोच सांगतो.

काम झालं की तीच मोजणी, त्याच रस्त्यावर, बाहेरचं तापमान शक्य तितकं सारखं असताना आणि एसी आधीसारखाच ठेवून. फरकाचा आकडा उतरला का ते बघा. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये २,५०० ते ५,००० आरपीएम पूर्ण थ्रॉटल द्या आणि एकाच आरपीएमला आधीचं आणि आताचं टायमिंग शेजारी ठेवा. तापमान उतरलं पण टायमिंग तसंच राहिलं, तर तुमच्या गाडीचा ईसीयू आधीही काही मागे घेत नव्हता. मिळालेला फायदा फक्त हवेच्या घनतेचा, म्हणजे वर काढलेल्या वर्गमुळाइतकाच. आणि आठवडाभराने, इंजिन थंड असताना, सगळे क्लॅम्प एकदा आवळा. गरम-थंड होऊन रबर बसतं, क्लॅम्प सैल पडतात, आणि फिल्टरच्या पुढे पडलेल्या फटीतून गरम हवेबरोबर धूळही आत जाते.